अंगठ्याखालची फुली

इतिहासाची पुस्तके मोठ्या वस्तूंवर फार प्रेम करतात. आगगाडीचे इंजिन, छापखाना, तारायंत्र, विमान यांना त्यांत ऐसपैस जागा मिळते. त्यांच्या जनकांच्या तसबिरी छापल्या जातात, आणि आम्ही मास्तर मंडळी त्यांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतो. परंतु माणसाची बोटे रोज ज्या वस्तूंवर खरोखर झिजतात, त्यांची वास्तपुस्त इतिहास क्वचितच करतो. सदऱ्याची गुंडी कोणी काढली, दाराची कडी प्रथम कोणाला सुचली, हे परीक्षेत कोणी विचारीत नाही. अशाच एका नगण्य वस्तूची हकीकत आज सांगावयाची आहे. ती आकाराने रुपयाच्या नाण्याएवढी आहे, तिच्यात सोने नाही की चांदी नाही. पण तिने एका अख्ख्या पिढीच्या डाव्या अंगठ्याला घट्टे पाडलेले आहेत.

ज्या घरांतून १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मुले लहानाची मोठी झाली, त्या घरांना या वस्तूची ओळख करून द्यावयास नको. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्यात वरून खुपसायची पिवळी कॅसेट, आणि वायरीच्या टोकाला दोन चपट्या डब्या. या डबीला आम्ही 'रिमोट' म्हणत असू. कारखानदारांनी तिचे नाव काहीही ठेवले असो, आमच्या गल्लीत तिचे बारसे झाले ते याच नावाने. रिमोटच्या उजव्या अंगाला दोन-चार गोल बटणे, मधे दोन लांबट बटणे, आणि डाव्या अंगाला बेरजेच्या चिन्हासारखी एक काळी फुली. फुलीचा उजवा हात दाबला की पडद्यावरचा शिपाई धावत सुटे, खालचा दाबला की तो जमिनीवर आडवा पडे, वरचा दाबला की बंदूक आभाळाकडे रोखी. ही फुली आली कोठून, तिची नक्कल करताना काय निसटले, आणि ते निसटलेले घरच्या घरी परत कसे आणावे, एवढाच या लेखाचा विषय.

हकीकत सुरू होते जपानमधील क्योतो शहरी. या जुन्या राजधानीत १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी पत्ते बनविण्याचा धंदा काढला. पत्ते म्हणजे आपले बदाम-किलवरचे नव्हेत. 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते. एकूण पाने ४८. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड किंवा फूल, आणि प्रत्येकाची चार पाने. जपानी भाषेत पत्त्यांना 'कारुता' म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा जपानशी व्यापार गोवा, मकाव, नागासाकी अशा वाटेने चाले. त्या गलबतांवरच्या खलाशांचा हा शब्द. तेव्हा दूरचा का होईना, आपल्या गोव्याच्या धक्क्याचा या कथेला शेजार आहे. यामाउचींच्या पेढीचे नाव निन्टेन्डो.

या पेढीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीस लागला. क्योतोच्याच दोशिशा विद्यापीठातून तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. पण काम मिळाले ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे. यंत्र कुरकुरले तर तेल घालावे, अडले तर खोलून पाहावे, असा तो व्यवसाय. ज्याच्या हातून पुढे कोट्यवधी मुलांचे खेळणे घडावयाचे होते तो मुळात दुरुस्तीवाला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

फावल्या वेळात योकोईने आडव्यातिडव्या पट्ट्यांचा एक लांबणारा हात बनविला. मुठी जवळ आणल्या की हात पुढे झेपावतो आणि दूरची वस्तू पकडतो, अशी त्यातली गंमत. पेढीचे तेव्हाचे मालक हिरोशी यामाउची, म्हणजे संस्थापकांचे पणतू, यांच्या नजरेस ते खेळणे पडले. कामाच्या वेळात खेळत बसलेल्या नोकराला मालकाने काय करावे, याविषयी आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. यामाउचींनी मात्र त्याला हे खेळणे विक्रीसाठी तयार करावयास सांगितले. १९६६ साली ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. त्यानंतर योकोईला तेलाचा डबा पुन्हा उचलावा लागला नाही.

योकोईचे एक तत्त्व पुढे फार गाजले. सुकलेल्या, म्हणजे जुन्या आणि स्वस्त झालेल्या तंत्राचा आडव्या अंगाने विचार करावा, असे ते म्हणत. नवे तंत्र महाग असते आणि लहरीही असते. लोणच्यासारखे मुरलेले तंत्र घ्यावे आणि त्याला कोणाच्याही ध्यानीमनी नसलेल्या कामाला लावावे. त्याचा दाखला असा सांगतात: आगगाडीच्या प्रवासात त्यांना एक कंटाळलेला उतारू दिसला. तो हिशेबाच्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत वेळ काढीत होता. १९७० नंतरच्या दशकात कॅल्क्युलेटर बनविणाऱ्यांच्या चढाओढीमुळे त्यातले पडदे आणि चकत्या मातीमोल झाल्या होत्या. त्याच साहित्यातून १९८० साली खिशात मावणारा खेळ निघाला. त्यात घड्याळही होते. पहिल्या खेळात चेंडू झेलायचे होते. हात डावीकडे न्यायचा किंवा उजवीकडे, एवढेच काम. त्याला दोन बटणे पुरली.

अडचण आली ती १९८२ साली. नाण्याच्या यंत्रावरचा 'डाँकी काँग' हा खेळ त्याआधी वर्षभर गाजत होता. दांडग्या वानराने पळविलेल्या मुलीला सोडविण्यासाठी त्यातला नायक शिड्या चढतो, उतरतो, दोन्ही बाजूंना धावतो आणि उड्याही मारतो. आता चार दिशा हव्या झाल्या. नाण्याच्या यंत्राला हातभर दांडा होता. परंतु पुस्तकासारख्या मिटणाऱ्या, खिशात ठेवायच्या डबीला दांडा कसा लावणार? झाकण मिटायचे नाही, आणि मिटले तरी दांडा पहिल्याच दिवशी मोडायचा. बरे, चार सुटी बटणे लावावीत, तर अंगठा एका बटणावरून उचलून दुसरे चाचपावे लागे. डोळे पडद्यावरून हटले की नायकाचा प्राण गेला. अमेरिकेतल्या 'इन्टेलिव्हिजन' या यंत्राला त्यापूर्वीच एक वाटोळी तबकडी होती. पण वाटोळ्या वस्तूला कोपरा नसतो. आपला अंगठा नेमका कोठे आहे, हे तबकडी अंगठ्याला सांगत नाही.

या सगळ्यांतून निघालेली तोड म्हणजे आपली फुली. चार बटणे, पण एकाच अखंड तुकड्याची. अंगठा मध्यावर टेकलेला असला की चारी हात कोठे आहेत हे न पाहता समजते, आणि एका दिशेकडून दुसरीकडे जाण्यासाठी अंगठा उचलावा लागत नाही. नुसता कलवला की झाले.

आता तिच्या पोटात डोकावू. कारण या वस्तूचे सारे मर्म वरच्या फुलीत नाही, खालच्या बाजूला आहे. फुलीच्या पाठीवर, बरोबर मध्यभागी, एक लहानसे गोल टेंगूळ असते. त्या टेंगळावर सारी फुली तोललेली असते. तराजूची दांडी जशी मधल्या खिळीवर तोललेली असते, तशी. दांडीचे एक टोक खाली गेले की समोरचे वर उचललेच पाहिजे. म्हणून डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाऊ शकत नाही. अंगठा दोन हातांच्या बेचक्यात टेकला तर मात्र शेजारचे दोन हात एकदम खाली जातात, आणि तिरकी दिशा मिळते. चार बटणांत आठ दिशा मिळतात त्या या हिशेबाने.

फुलीच्या हातांखाली रबराची पातळ गादी असते. प्रत्येक हाताखाली रबराचा एक छोटा घुमट, आणि घुमटाच्या छताला आतून चिकटविलेली कार्बनची काळी टिकली. गादीखाली विजेच्या रेघा ओढलेली पाटी. दोन फण्यांचे दात एकमेकांत घालावेत, पण शिवू देऊ नयेत, तशा त्या रेघा असतात. हात दाबला की घुमट बसतो, टिकली रेघांवर टेकते आणि तुटका रस्ता जोडला जातो. बोट काढले की रबर आपल्या अंगच्या ताठ्याने वर येते. पेच नाही, स्प्रिंग नाही. म्हणूनच मुलांच्या हाती पडूनही ही वस्तू वर्षानुवर्षे टिकते.

१९८३ च्या जुलैत निन्टेन्डोने घरच्या टीव्हीला जोडायचे 'फॅमिकॉम' यंत्र विक्रीस काढले. ते घडविणाऱ्या मासायुकी उएमुरा यांच्या मंडळींनी आधी दांड्याचाच विचार केला होता. अमेरिकन यंत्रांचे दांडे सोडवूनही पाहिले. पण मुले खेळणी जमिनीवर टाकून जातात आणि त्यांवर पाय पडतो, हे जपानातल्या आईबापांना ठाऊक होते, तसेच ते या मंडळींनाही ठाऊक होते. अखेर खिशातल्या खेळाची फुलीच नमुन्याच्या यंत्राला जोडून पाहिली गेली, आणि ती हाताला इतकी सोयीची निघाली की दांडा मागे पडला. मौज अशी की पहिल्या फॅमिकॉमची उजवीकडची बटणे चौकोनी, रबराची होती; ती कडेला अडकून बसत, म्हणून पुढे त्यांची जागा गोल, टणक बटणांनी घेतली. फुलीत मात्र असा बदल करावा लागला नाही.

रिमोटपासून यंत्रापर्यंत निरोप जातो तो कसा, हे शिक्षकाला सांगावयास सर्वांत सोपे आहे. ती चक्क हजेरी असते. रिमोटमध्ये आठ बटणे. पण निरोपाची तार एकच. यंत्र दर सेकंदाला पन्नास-साठ वेळा रिमोटला हाक मारते, आणि रिमोटमधली चकती ठरलेल्या क्रमाने उत्तरे देते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. जे दाबलेले आहे ते 'हजर', बाकीचे 'गैरहजर'. हजेरी घेणारा कधी चुकत नाही. गडबड होते ती 'हजर' म्हणणाऱ्यांत. हे पुढे दुरुस्तीच्या वेळी कामास येईल.

या रचनेचे अमेरिकन पेटंट निन्टेन्डोला १९८७ साली मिळाले. त्यावर संशोधक म्हणून नाव आहे ते इचिरो शिराई यांचे. फुलीच्या कल्पनेचे श्रेय जग योकोईंना देते आणि ते योग्यच आहे. परंतु कागदावरचे हे दुसरे नाव फारसे कोणी उच्चारीत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले. पेटंटची मुदत २००५ मध्ये संपली. तोवर प्रतिस्पर्ध्यांनी नाना युक्त्या केल्या. सेगाने आपल्या 'मेगा ड्राइव्ह'ला वाटोळी गादी देऊन तीवर फुली उठविली. सोनीने १९९४ च्या 'प्लेस्टेशन'वर फुलीचा मध्य झाकून टाकला आणि चार सुटे हात तेवढे बाहेर दिसू दिले. एक टेंगूळ चुकविण्यासाठी थोरामोठ्यांना केवढी वळणे घ्यावी लागली!

परंतु ज्यांना पेटंटचे भय नव्हते अशी एक दुनिया होती, आणि आपण त्या दुनियेत होतो. तैवान, हाँगकाँग आणि चीनमधून फॅमिकॉमच्या नकला जगभर गेल्या. रशियात १९९२ पासून 'डेंडी' या नावाने त्यातलीच एक घरोघर पोचली. आपल्याकडे निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून त्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत येऊन पडल्या, आणि तेथून तालुक्यातालुक्याच्या दुकानांत. अस्सल जपानी यंत्र मध्यमवर्गीय घरात अपवादानेच दिसे. सुट्टीत मामाच्या गावी, एका टीव्हीपुढे सात-आठ पोरे पाळीपाळीने जे खेळली, ती सगळी नक्कलच होती. तिला नाके मुरडणे आज सोपे आहे. पण ती नसती तर मारिओ आणि 'काँट्रा'चे शिपाई आमच्या आळीत आलेच नसते. मूळ वस्तू आमच्यासाठी कोणी आणली नव्हती, नकलेने आणली. तिचे हे ऋण मान्य करूनच तिचे दोष सांगितले पाहिजेत.

दोष कोणता? शाळेत उत्तर उतरवून घेणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या वहीत उत्तर अचूक असते; रीत नसते. नकलाकाराने फुली पाहिली आणि फुली उतरविली. तिचा रंग, तिची लांबी, मधला खोलगटपणा, सारे जिथल्या तिथे. पाठीवरचे टेंगूळ मात्र खरेदी करणाऱ्याला दिसत नाही. म्हणून कोठे ते अर्ध्या मिलिमीटरने ठेंगणे राहिले, कोठे उंच झाले, कोठे नुसता एक दांडोरा उभा राहिला. रबरही जसे स्वस्त मिळेल तसे: कधी ढोकळ्यासारखे लुसलुशीत, कधी चपलेच्या तळव्यासारखे. एवढ्याशा फरकाने फुलीचा तोल जातो. टेंगूळ ठेंगणे असेल तर उजवीकडे दाबताना अंगठा केसभर वर सरकला तरी वरचा घुमटही बसतो, आणि हजेरीत 'उजवे'बरोबर 'वर'ही हजर! काँट्रातला शिपाई सरळ पळत समोरच्या शत्रूवर गोळ्या झाडत असतो. त्याची बंदूक मधेच तिरकी आभाळाकडे वळते आणि शत्रू त्याला खुशाल टिपतो. खेळणाऱ्या पोराला वाटते, आपलाच अंगठा आडमुठा. त्याचा काही दोष नसतो.

याची एक खाशी कसोटी आहे. कोनामी या जपानी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो हे 'ग्रेडियस' नावाचा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करीत होते. खेळ इतका अवघड झाला की तपासताना त्यांना स्वतःलाच तो पुरा करता येईना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक खूण त्यात ठेवली: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. ती खूण १९८६ साली खेळासोबत तशीच बाहेर गेली आणि जगभर पसरली. काँट्रात तिने तीस प्राण मिळतात. आता पाहा, ही खूण म्हणजे फुलीची तोंडी परीक्षाच होय. प्रत्येक दिशा एकटी, स्वच्छ उमटली पाहिजे. मधे एक जरी तिरकी दिशा घुसली तरी तीस प्राण मिळत नाहीत. ज्या रिमोटवर ही खूण चार-पाच वेळा करूनही लागत नाही, त्याच्या टेंगळावर किंवा रबरावर संशय घ्यावा.

निन्टेन्डोने फॅमिकॉम बनविणे २००३ साली थांबविले, आणि सुटे भाग उरले नाहीत म्हणून २००७ च्या ऑक्टोबरअखेर त्याची दुरुस्तीही बंद केली. मूळ कारखान्याचे दार असे मिटले. त्याच सुमारास बालपणीचे खेळ पुन्हा खेळावेसे वाटणारी पिढी हाती चार पैसे बाळगू लागली होती, आणि जुन्या रिमोटच्या प्रतिकृती नव्याने बाजारात येऊ लागल्या. आज त्या संगणकाला जोडता येतात, बिनतारीही असतात. दिसायला मूळच्यापेक्षा देखण्या. आणि त्यांतील कित्येकांना तोच जुना आजार! उत्तर पुन्हा उतरविले, रीत पुन्हा राहिली. फरक इतकाच की आता जगभरच्या हौशी लोकांनी रिमोट खोलून, एकमेकांना विचारून, उपाय शोधून ठेवलेले आहेत. ते साधे आहेत, आणि घरात करण्याजोगे आहेत.

आधी रोग ओळखावा. एखादी दिशा मुळीच लागत नसेल तर मळ किंवा झिजलेली टिकली. नको तेव्हा तिरकी दिशा लागत असेल तर ठेंगणे टेंगूळ किंवा फार मऊ रबर. हवी असून तिरकी लागत नसेल तर उंच टेंगूळ किंवा ताठ रबर. दाबलेली दिशा सुटतच नसेल तर फुली खिडकीच्या कडेला घासते आहे, नाही तर कोणी तरी स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले आहेत.

मग वायर काढून पाठीमागचे स्क्रू बारीक पेचकसाने सोडवावे आणि वाटीत ठेवावे. आतली वायर कोणत्या खुंट्यांना वळसा घालून गेली आहे ते नीट पाहून ठेवावे, कारण ती चुकीची बसली तर डबी मिटत नाही. पाटीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसेल. ती झाकलेली चकती. तिच्या वाटेला जाऊ नये. पाटीच्या रेघा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसाव्यात. रबराची टिकली खरवडू नये. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक-दोनदा अलगद टेकवून फिरविली की वरचा तेलकट थर निघतो. फुली आणि डबी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. निम्म्याहून अधिक रोगी एवढ्यावरच बरे होतात. टिकली पार झिजली असेल तर मात्र रबराची गादीच बदलावी. मऊ शिसपेन्सिल घासण्याचा उपाय चार दिवसांचा.

नको असलेल्या तिरक्या दिशेवर दोन उपाय आहेत. पहिला टेंगळाचा. ते पाटीवर जेथे टेकते तेथे जाड कागदाची इवलीशी वाटोळी टिकली चिकटवावी. डबी मिटून खूण करून पाहावी. पुरले नाही तर आणखी एक थर. एका वेळी एकच थर, हा नियम मोडू नये. जास्त झाले तर हव्या त्या तिरक्या दिशाही जातात. दुसरा उपाय पाटीवरचा. प्रत्येक दिशेखालच्या रेघांच्या दोन्ही कडा पातळ टेपच्या बारीक पट्ट्यांनी झाकाव्यात आणि मधली चिंचोळी पट्टी तेवढी उघडी ठेवावी. अंगठा थोडा घसरला तर रबराची कड टेपवर टेकते आणि हजेरी लागत नाही. नीट दाबला तर मध्य टेकतो आणि लागते. उलट दोष असेल, म्हणजे टेंगूळ उंच असेल, तर त्याच्या टोकावरून बारीक पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. घासलेले परत येत नाही, म्हणून येथे घाई नको. शेवटी स्क्रू बसतील इतपतच आवळावे.

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाने असा एक रिमोट शाळेत आणला होता. वाढदिवसाला मिळालेला, नवा कोरा, आणि उजवीकडे दाबले की वर पाहणारा. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला होता. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या टेबलावर आम्ही तो खोलला. वहीच्या पुठ्ठ्याची टिकली त्यानेच कापली. पहिला थर अपुरा पडला, दुसऱ्याने काम झाले. त्या मुलाने मला विचारले, "सर, मग कारखान्यातच हे का नाही करत?" मी त्याला योकोईची हकीकत सांगितली, आणि उतरविलेल्या गणिताचीही. वर्गात गणित उतरविण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हता, त्यामुळे त्याला ती लगेच पटली.

पण त्याचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. पुठ्ठ्याच्या दोन टिकल्यांची किंमत काही नाही. कारखान्याला त्या परवडल्या नसत्या असे नव्हे. तेथे कोणाला तरी रिमोट हातात घेऊन खेळून पाहावे लागले असते, एवढेच. योकोईंच्या आणि शिराईंच्या फुलीत हे खेळून पाहणे मुरलेले आहे. नक्कल करणारा वस्तू मोजतो, पण ती वापरून पाहत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र वापरून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. दर थरानंतर त्याला अंगठा टेकवून विचारावेच लागते, आता बरे आहे का? मूळ कारागिराने जे काम केले तेच तो तीस-चाळीस वर्षांनंतर, दुसऱ्या देशात, दुसऱ्या टेबलावर पुन्हा करतो. नकलेला अशा रीतीने रीत शिकविता येते, आणि ती शिकवायला कारखाना लागत नाही.

योकोईंनी १९९६ साली निन्टेन्डो सोडली आणि क्योतोतच स्वतःची लहानशी संस्था काढली. पुढच्याच वर्षी, १९९७ च्या ऑक्टोबरात, मोटार-अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेतील एमी पुरस्कारांच्या तंत्रविषयक विभागात या फुलीचा गौरव झाला, तो पाहावयास ते नव्हते. उएमुराही २०२१ साली गेले.

दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून माळे रिकामे होत असतात. कोठल्या तरी खोक्यात, जुन्या पणत्यांच्या आणि तुटक्या आकाशकंदिलाच्या खाली, वायर गुंडाळलेला एखादा रिमोट खास सापडेल. भंगारवाल्याची हाक येईल तेव्हा तो त्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला जवळ बोलवावे, वर्तमानपत्र अंथरावे, आणि मागचे स्क्रू सोडवून फुली उलटी करून दाखवावी. टेंगूळ कोठे आहे ते त्यांना शोधू द्यावे. मळ निघाला आणि फुली तोलावर आली तर उत्तमच. नाही आली तरी पुठ्ठा, कात्री आणि फराळ संपेपर्यंतचा वेळ घरात असतोच.